कांजीवरम आणि टेंपल दागिने: तमिळ अभिनेत्रींचा पारंपरिक साज कसा जमवायचा

लाल कांजीवरम, डोक्यापासून पायापर्यंत सोनेरी दागिने आणि भरपूर गजरे एवढं जमलं की तमिळ साज झाला, असा सरसकट समज आहे. साज फसतो तो बहुतेकदा याच समजामुळे. पडद्यावर आणि पडद्याबाहेर दिसणारा तमिळ साज एकच एक नाही. निदान तीन वेगवेगळे साज आहेत, प्रत्येकाची साडी, दागिने आणि केसांची मांडणी ठरलेली आहे, आणि ते वाटेल तसे एकमेकांत मिसळले की सगळंच बिघडतं.

पहिला साज घरंदाज. त्याचा सर्वांत सुंदर नमुना एम. एस. सुब्बुलक्ष्मी. त्या गायिका म्हणून जगाला ठाऊक आहेत, पण १९३८ ते १९४५ या काळात त्यांनी तमिळ चित्रपटांतून नायिकेच्या भूमिकाही केल्या. गडद निळी कांजीवरम, दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्यांच्या चमक्या, कानात हिऱ्यांच्या कुड्या, कपाळावर कुंकू आणि अंबाड्याभोवती मोगरा. एवढंच. त्या निळ्या रंगाला आजही कांचीपुरमच्या दुकानांत ‘एमएस ब्लू’ म्हणतात.

दुसरा साज नृत्याचा. वैजयंतीमाला १९४९ साली तमिळ चित्रपटातून पडद्यावर आल्या त्या भरतनाट्यम घेऊन. भांगातली पट्टी, डोक्यावरचे सूर्य-चंद्र, वेणीवरचे बिल्ले, लाल-हिरव्या खड्यांचा गळा हे सगळं नर्तकीचं लेणं आहे, आणि मुळात ते देवळातल्या मूर्तीच्या अलंकारांवरून आलेलं आहे, म्हणून त्याला टेंपल दागिने म्हणतात.

तिसरा साज लग्नाचा. यात पहिल्या दोन्हींतलं थोडं थोडं येतं, शिवाय कमरपट्टा, दंडावरची वंकी आणि लांब माळा. १२ डिसेंबर २०२४ रोजी गोव्यात झालेल्या लग्नात अभिनेत्री कीर्ती सुरेशनं नऊवारी मडिसार नेसली होती. तमिळ ब्राह्मण घरांतली ती रीत. मडिसारबद्दल पुढे सांगितलं आहे, कारण आपल्या नऊवारीशी तिची गल्लत हमखास होते.

आधी या तिघांतला एक निवडा. सत्कार, पूजा, मंदिर किंवा दिवसाच्या लग्नाला पाहुणी म्हणून जायचं असेल तर घरंदाज. स्वतःचं किंवा घरातलं लग्न असेल तर लग्नाचा. रंगमंच, अरंगेत्रम (नर्तकीचा पहिला जाहीर कार्यक्रम) किंवा छायाचित्रणासाठी नृत्याचा. पाहुणीनं सूर्य-चंद्र लावून लग्नाला जाणं तमिळ डोळ्यांना खटकतं. आपल्याकडे पाहुणीनं मुंडावळ्या बांधून येण्याइतकं खटकतं.

साडी: खरेदीच्या वेळी काय बघायचं

कांचीपुरम चेन्नईपासून साधारण ७० किलोमीटरवर आहे. तिथल्या रेशमी साडीला २००५ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. रेशीम मुख्यतः कर्नाटकातून येतं, जरीचा धागा सुरतेहून. ताण्याला पीळ दिलेलं जाड रेशीम वापरतात, म्हणून साडी वजनदार लागते. साधी पट्टू, म्हणजे रेशमी, साडी अर्ध्या किलोच्या आसपास भरते, आणि भरजरी लग्नाची साडी पाऊण ते एक किलोपर्यंत जाते. लांबी सुमारे साडेपाच मीटर, त्याला ८० सेंटिमीटरचं ब्लाउज पीस. पन्हा ४८ इंच असावा. उंच बाईनं तो मोजूनच घ्यावा, कारण ४५-४६ इंचांची साडी नेसल्यावर टाच उघडी पडते.

अस्सल विणीची खूण काठाच्या सांध्यावर सापडते. ‘कोर्वै’ पद्धतीत अंग आणि दोन काठ तीन वेगळ्या धोट्यांनी विणतात आणि दोन्ही रंगांचे धागे सांध्यावर एकमेकांत अडकवतात. साडी उलटी करून सांध्यावर बोट फिरवा. धाग्यांचा किंचित उंचवटा लागेल. काठाचा रंगही नीट बघा. कोर्वै काठ निखळ एका रंगाचा असतो. अंगाचा आडवा धागाच काठातून गेला असेल, तर लाल काठावर निळ्या अंगाची झाक मारते. अशी साडी वाईट नसते, हलकी आणि स्वस्त असते, पण तिला कोर्वैची किंमत देऊ नये.

पदराच्या सुरुवातीलाही अशीच खूण असते. पदराचा ताणा वेगळ्या रंगाचा जोडलेला असेल तर तिथे आडवी, थोडी जाडसर, दातेरी रेघ दिसते. तिला ‘पिटनी’ म्हणतात. ती रेघ दोष समजून साडी परत करणारे लोक आहेत. वास्तविक ती हातकामाची सही आहे.

जरीचं तसं सोपं नाही. खऱ्या जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. पदराच्या टोकाचा सुटा धागा नखानं खरवडा. पांढरट चांदी आणि आत लाल-केशरी रेशीम दिसलं तर खरी. तांबूस धातू दिसला तर ‘टेस्टेड’ जर, म्हणजे तांब्याच्या तारेची. आतून प्लॅस्टिकसारखा चकचकीत पापुद्रा निघाला तर ती नक्कल. रेशमासाठी सुटा धागा जाळून बघतात: रेशीम केस जळल्यासारखा वास देतं आणि राख चुरडली जाते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. धागा जाळण्यापेक्षा सिल्क मार्कचं होलोग्राम असलेलं लेबल मागणं बरं. ते केंद्रीय रेशीम मंडळाच्या संस्थेकडून मिळतं. लक्षात ठेवा, ते लेबल रेशमाची हमी देतं, जरीची नाही. जरीचा प्रकार बिलावर लिहून घ्या. तमिळनाडूची विणकर सहकारी संस्था को-ऑप्टेक्स १९३५ पासून आहे, आणि तिच्या दुकानांतून विण आणि जर या दोन्हींची माहिती सरळ मिळते.

रंग आणि नक्षीची नावं माहीत असली तर दुकानदार योग्य गठ्ठा काढतो. अरक्कू म्हणजे लाखेसारखा गडद तांबडा. माम्बळम मंजळ म्हणजे पिकल्या आंब्याचा पिवळा. किळि पच्चै पोपटी. मयिल कळुत्तू मोरमानेचा, निळा-हिरवा धूपछाव. नक्षीत देवळाच्या शिखरांसारखे त्रिकोण असलेला काठ, रुद्राक्षम, मल्लिमोग्गू म्हणजे मोगऱ्याच्या कळ्या, यळी म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, अन्नपक्षी म्हणजे हंस, आणि चौकडीला कट्टम.

घरंदाज साजासाठी चौकडी किंवा साधं अंग, काठ तीन-चार बोटांचा. लग्नासाठी अरक्कू, आंबा-पिवळा किंवा हिरवा, काठ सहा ते आठ इंच. उंची पाच फुटांच्या आत असेल तर दहा इंची काठ टाळा. निऱ्यांवर तो गुडघ्यापर्यंत चढतो आणि पाय आखूड दिसतात.

नेसण्याआधीची तयारी

पदराच्या टोकाला विणून न झालेले धागे असतात. त्यांना गोंडे बांधून घ्या, नुसता पिको करू नका. जड पदर ओढला जाऊन पिकोची शिलाई उसवते. फॉल सुती घ्या, रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून मगच लावा, नाहीतर पहिल्या ड्रायक्लीननंतर फॉल आटतो आणि साडीची कड सुरकुतते. रंग काठाशी जुळवा, अंगाशी नाही. शिलाई हातानं, आणि वरचा टाका जरीच्या पट्टीवर न घालता रेशमावर.

परकर सुती किंवा सॅटिन-कॉटनचा, नाडीचा. इलॅस्टिक नको. ८०० ग्रॅमची साडी दोन तासांत इलॅस्टिक दोन बोटं खाली ओढते, मग मागची कड जमिनीवर लोळते. हल्ली मिळणारे अंगाला चिकटणारे शेपवेअर परकर शिफॉनला छान, पण कांजीवरमच्या निऱ्या त्यांवर घसरतात.

तमिळ साजाचं ब्लाउज साडीच्या विरोधी रंगाचं, काठ-पदराशी जुळणारं, आणि बाही कोपराच्या दोन बोटं वर संपणारी. बाहीला साडीचाच काठ. पुढचा गळा गोल किंवा यू आकाराचा, सहा ते सात इंच खोल ठेवा. बोटनेकवर अड्डिगै, म्हणजे गळ्यालगतची माळ, अर्धी कापडावर आणि अर्धी अंगावर बसते, खडे कापडात अडकतात आणि माळ तिरकी होते. शिवणीत दोन्ही बाजूंना एक-एक इंच माया ठेवायला शिंप्याला सांगा, आणि पहिलं मापच नीट द्या. रेशीम उसवून सैल केलं की जुन्या सुईची भोकं दिसतात. वंकी घालायची असेल तर दंडाचा घेर बाही चढवून मोजा.

आदल्या संध्याकाळी पदराच्या निऱ्या घालून ठेवा. पाच किंवा सहा, प्रत्येकी साडेचार ते पाच इंच. सर्वांत वरच्या निरीवर पूर्ण काठ दिसला पाहिजे. चिमट्याखाली मऊ कापडाची पट्टी द्या, नाहीतर जरीवर दातांचे वळ उठतात. इस्त्री उलट्या बाजूनं, वर मलमल टाकून, रेशमाच्या उष्णतेवर.

नेसणं: क्रमानं

१. आधी जोडवी (तमिळमध्ये मेट्टी), पैंजण (कोलुसू) आणि चप्पल. साडी नेसल्यावर वाकता येत नाही, आणि चप्पल नंतर घातली तर कड चुकते. केसांची वेणी किंवा अंबाडा, भांगातली पट्टी असेल तर तीही, साडीच्या आधीच व्हावी. फुलं मात्र नंतर.

२. साध्या टोकानं सुरुवात करा. बेंबीच्या किंचित उजवीकडे खोचा, डावीकडून मागे नेऊन उजवीकडून पुढे आणा. खालची कड जमिनीपासून एक सेंटिमीटरवर राहू द्या. पूर्ण फेऱ्यात तीन ठिकाणी खोचा: डावी कुशी, पाठीचा मध्य, उजवी कुशी. पाठीकडे खोचायचं राहिलं की बसल्या-उठल्यावर मागची बाजू उतरते.

३. निऱ्यांआधी पदर. तयार निऱ्यांचा पदर डाव्या खांद्यावर टाका. टोक गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत यावं. पिटनीची रेघ खांद्यावर किंवा त्याच्या थोडी पुढे आली तर पदराचं भरजरी काम पाठीवर पूर्ण उलगडतं. रेघ छातीवर आली तर पदर आखूड झाला आहे, मागे सोडलेला भाग वाढवा.

४. खांद्याची पिन ब्लाउजच्या आतून लावा, शिवणीच्या जाड भागातून. साडीच्या सर्व निऱ्यांत पिन घुसवू नका. खालच्या दोन-तीन थरांतून गेली की पुरे. पिनेच्या गोल टोकाशी एक छोटा मणी ओवला तर रेशमाचे धागे तिथल्या वेटोळ्यात अडकत नाहीत. पदराच्या वजनानं पिन खाली ओढली जाऊन उभी चीर पडणं हे कांजीवरमचं सर्वांत सामान्य नुकसान. त्यावर उपाय म्हणजे ब्लाउजच्या खांद्यावर आतून दोन इंची सुती चौकोन शिवून घेणं. पिनेला धरायला जागा मिळते आणि सगळा ताण रेशमावर येत नाही.

५. आता उरलेल्या कापडाच्या निऱ्या. पाच ते सात, पाच-पाच इंच, तोंड डावीकडे. शिफॉनला दहा निऱ्या घालायची सवय असेल तर ती इथे सोडा. जाड रेशमाच्या सातांपेक्षा जास्त निऱ्या पोटावर गाठोडं करतात. कापड उरतंच असेल तर पहिला फेरा थोडा सैल घ्या आणि जादाचं कापड डाव्या कुशीत मागे खोचा.

६. निऱ्या एकत्र धरून कड सरळ आहे का ते आरशात बघा, खोचा, आणि खोचलेल्या जागेखाली चार बोटांवर आतून एक पिन लावा. मग निऱ्यांवरून तळवा दाबत खाली न्या. नवी साडी फुगते. आदल्या रात्री निऱ्याही घालून गादीखाली ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी आज्ञेत राहते.

७. छातीवरून जाणारी वरची कड कुशीत एका छोट्या पिनेनं ब्लाउजला लावा. बाकी पिना नकोत. तीन-चार पिनांत कांजीवरम दिवसभर राहते, दहा पिना लागत असतील तर परकराची नाडी सैल आहे.

मडिसारला हे काहीच लागू नाही. ती नऊ यार्डांची, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, परकराशिवाय नेसतात. आपल्या नऊवारीत दोन्ही पायांवर धोतरासारखी विभागणी दिसते. मडिसारमध्ये काष्टा मागे खोचल्यावर पदराकडचा भाग कंबरेभोवती पुन्हा फिरतो, म्हणून समोरून साडी गोल नेसल्यासारखी भासते. अय्यर घरांत पदर उजव्या खांद्यावर, अय्यंगार घरांत डाव्या. नऊवारी येणाऱ्या बाईला काष्ट्याचा ताण आणि कमरेची गाठ लगेच समजते, पण वरचा दुसरा फेरा एखाद्या जाणत्या तमिळ मामीकडूनच शिकावा. शिवलेली मडिसार मिळते, पण बसताना तिचा काष्टा ताणला जातो.

दागिने: प्रत्येकाची जागा

तमिळ दागिन्यांत ‘केंप’ म्हणजे बंद कोंदणात बसवलेले लाल-हिरवे खडे. नृत्याच्या दागिन्यांचं जुनं केंद्र कन्याकुमारी जिल्ह्यातलं नागरकोविलजवळचं वडसेरी. तिथे चांदीवर सोन्याचा पत्रा चढवून खडे बसवतात. दुसरा प्रकार नक्षीकामाचा, पत्र्यावर लक्ष्मी, मोर, हंस ठोकून उठवलेले. दोन्हींचा सोनेरी रंग मंद असतो. घरातले पिवळेधमक पॉलिशचे दागिने यांत मिसळले की दोन्ही खोटे वाटतात. म्हणून सगळे मंद घ्या नाहीतर सगळे उजळ. साडीची जर दिवसाच्या उजेडात दागिन्याशेजारी धरून बघा. दुकानाच्या पिवळ्या दिव्यात हे कळत नाही.

गळ्यात तीन पातळ्या असतात. अड्डिगै, गळ्याच्या मुळाशी, १४-१५ इंच, मध्ये कमळाचं पदक. मग मांगामालै, कैऱ्यांच्या आकाराच्या पदकांची, २०-२२ इंच. शेवटी कासुमालै, लक्ष्मीच्या नाण्यांची, आपल्या पुतळ्यांच्या माळेच्या कुळातली, २८ इंचांपासून बेंबीपर्यंत. दोन माळांत निदान तीन बोटं अंतर हवं, नाहीतर वरची माळ खालचीवर चढते. माळेच्या मागच्या दोऱ्यानं उंची कमी-जास्त होते, त्यासाठीच तो असतो. कासुमालैची नाणी उलटी होतात, म्हणून पाठीमागे दोरा ओढून घट्ट करा आणि दोन बाजूंना ब्लाउजला एक-एक टाका घाला. पिनेपेक्षा टाका बरा.

घरंदाज साजाला यातली एकच माळ. लग्नाला तिन्ही चालतात, पण काठ आठ इंची असेल तर मधली वगळा. भरजरी पदर, तीन माळा आणि कमरपट्टा अशी गर्दी झाली की चेहरा हरवतो, आणि साजाचा मुद्दा चेहरा उजळणं हाच आहे.

कानात तोडू म्हणजे कुडी, तिच्याखाली जिमिक्की म्हणजे झुमका, आणि झुमक्याचं वजन केसांवर तोलणारी माट्टल, म्हणजे आपल्या वेलासारखी साखळी. ती आधी केसांत आकड्यासारख्या पिनेनं अडकवा, ताण बघा, मगच वर फुलं माळा. उलट केलं तर फुलं दोनदा काढावी लागतात. माट्टल फार ताणली तर कानाची पाळी वर ओढलेली दिसते. झुमका सरळ लोंबला की थांबा.

नाकात मूक्कुत्ती. तमिळ घरांत उजवी बाजू जुनी, दोन्ही बाजूंना घालणाऱ्याही असतात. आपली डावी टोचलेली असेल तर तशीच चमकी ठेवा, खोटी उजवी चिकटवू नका, घामानं पडते. नथ मात्र नको, ती घातली की साज तत्काळ मराठी होतो. ठुशीही बाजूला ठेवा. घरातल्या पाटल्या, तोडे आणि वाकी खुशाल वापरा, ते इथे छान मिसळतात. तमिळ वंकीला मध्ये उलट्या ‘व्ही’सारखं टोक असतं आणि ते खांद्याकडे राहतं. दंडावर मध्यावर बसवा. कोपराशी घसरत असेल तर आत मखमलीची पट्टी चिकटवा.

ओड्डियाणम, म्हणजे कमरपट्टा, अगदी शेवटी. साडी नेसून, पदरासकट कमरेचं माप घ्या. नुसत्या अंगापेक्षा ते दोन-तीन इंच जास्त येतं. पट्टा निऱ्या खोचल्याच्या वर, नैसर्गिक कमरेवर, पदराच्या निऱ्यांवरून. खाली ओटीपोटावर गेला की बसताना पोटात रुततो आणि वळल्यावर फिरतो. जेवायला बसण्याआधी सैल करा.

डोक्यावरचा संच फक्त नृत्य आणि लग्नाला. मधोमध भांग काढा. भांगावरून पट्टी, पुढचं पदक कुंकवाच्या एक बोट वर. पट्टी तीन ठिकाणी अडकवा: भांगाच्या शेवटी आणि दोन्ही कानांवर. तिच्या दोन्ही बाजूंना सूर्य आणि चंद्र. घालणारीच्या उजवीकडे सूर्य, डावीकडे चंद्रकोर. आरशात बघून लावताना इथे हटकून उलटं होतं. मागे वेणीच्या मुळाशी गोल राकोडी, वेणीवर बिल्ले, टोकाला कुंजलम, तीन गोंड्यांचं. तोकड्या केसांना सवुरी, म्हणजे गंगावन, जोडून वेणी घाला. रेशमी सवुरी घसरते, तिच्या मुळाशी काळा सुती दोरा दोनदा गुंडाळा.

२०२२ साली ‘पोन्नियिन सेल्वन’ चित्रपटात त्रिषानं केलेल्या चोळ राजकन्या कुंदवैनंतर उंच अंबाडा आणि अंबाड्यावरच्या दागिन्यांची लाट आली. ते चोळकाळाची कल्पना करून घडवलेलं वेष-भूषण आहे. आजच्या कांजीवरमच्या निऱ्यांसोबत ते जोडू नका.

आणि ताली, तमिळ मंगळसूत्र, हौसेनं घालू नका. तिची घडण जात-कुळाप्रमाणे ठरलेली असते आणि तमिळ बायका ती दागिना मानत नाहीत. आपलं मंगळसूत्र असेल तर ते पदराआड राहू द्या.

फुलं

फुलांशिवाय हा साज अपुरा आहे, अगदी घरंदाजसुद्धा. माळा ‘मुळम’ मापानं विकतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. रोजच्यासाठी एक मुळम, अंबाड्याभोवती दोन फेऱ्यांना दोन, लग्नाच्या वेणीला चार-पाच. मुंबईत माटुंगा पूर्वेला स्टेशनाजवळ केळीच्या सोपात घट्ट गुंफलेला तमिळ पद्धतीचा गजरा मिळतो. दोऱ्यात विरळ ओवलेल्या गजऱ्यापेक्षा तो दाट दिसतो आणि कमी गळतो. अधूनमधून अबोली आणि मरवा घातलेली माळ मागा. गोव्यात, कोकणात अबोली सहज मिळते, तमिळ घरांतही तिला मान आहे.

संध्याकाळच्या कार्याला बंद कळ्या घ्या, त्या माळलेल्या असतानाच उमलतात. सकाळी लग्न असेल तर आदल्या संध्याकाळी घेऊन ओल्या, घट्ट पिळलेल्या कापडात, केळीच्या पानात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पाणी शिंपडू नका, पाकळ्या तपकिरी होतात. माळताना यू पिना फुलांतून नाही, सोपातून घाला. ओला गजरा पाठीवर लोंबत असेल तर पदरावर पाण्याचे डाग पडतात, म्हणून माळण्याआधी टॉवेलवर पाच मिनिटं ठेवा.

काय बिघडतं आणि का

साडीची जर काळी पडते, कारण जरीत चांदी असते आणि चांदीला गंधकाचा त्रास होतो. रबरबँड, डांबरगोळ्या आणि अत्तर जरीला लागू देऊ नका. अत्तर साडी नेसण्याच्या आधी, मानेला आणि मनगटाला लावा, वाळू द्या. केंपचे खडे लाखेवर बसवलेले असतात. उन्हात उभ्या गाडीत डबा राहिला की लाख मऊ होते आणि खडे हलतात. घाम लागलेला दागिना कोरड्या मऊ कापडानं पुसून, एकेक वेगळा, कापसात ठेवा.

साडी घडीवर फाटते. वर्षानुवर्षं एकाच रेघेवर मोडलेलं रेशीम तिथेच चिरतं. वापरल्यावर सावलीत दोन-तीन तास वाऱ्याला टाका, पांढऱ्या जुन्या मलमलीत गुंडाळा, दर तीन महिन्यांनी उलट घडी घाला, जर आतल्या बाजूला ठेवून. लोखंडी हँगरवर टांगू नका, पदराच्या वजनानं मधली रेघ ताणते आणि गंजाचा डाग जात नाही. अरक्कू-पिवळी, निळी-लाल अशी विरोधी रंगांची साडी घरी कधीच धुऊ नका, काठाचा रंग अंगात उतरतो. तेलाचा डाग पडला तर चोळू नका. टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झटका, आणि ड्रायक्लीनवाल्याला डाग कशाचा ते सांगा.

वेळेचा अंदाज: केस आणि डोक्यावरचा संच पाऊण तास, साडी २५ मिनिटं, दागिने २० मिनिटं, फुलं १० मिनिटं. घरंदाज साजाला सगळं मिळून ४५ मिनिटांत होतं. पहिल्यांदाच नेसणार असाल तर आठवडाभर आधी एकदा पूर्ण साज चढवून घरात दोन तास वावरा, जमिनीवर बसा, जिना चढा. परकराची नाडी, माट्टलचा ताण आणि कमरपट्ट्याचं माप या तीनच गोष्टी तेव्हा दुरुस्त करायच्या राहिलेल्या असतात, आणि त्या कार्याच्या सकाळी कळून उपयोग नसतो.